चतुर्दशीचं पान

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोदकांच्या सारणासाठी खसखस भाजायला घेतली होती. खसखस भाजणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं काम. जरा नजर हलली की करपली. आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली.

दारात आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी. मी त्या शाळेत आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास इंग्रजी शिकवते, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे. गणपतीनंतर इंग्रजी कवितांच्या पाठांतराची स्पर्धा होती. हिनं आपली आपणच एक कविता निवडून वहीत छान अक्षरात उतरवून आणली होती. 

"बाई, यातलं शेवटचं कडवं गाळलं तर चालेल का?" 

"का गं? पाठ होत नाही?" 

"पाठ झालंय. पण आईला आवडत नाही."

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि वही घेतली. जॉन मॅक्रे या कॅनेडियन कवीची 'इन फ्लॅंडर्स फील्ड्स'. पंधरा ओळींची कविता. बी.ए.ला असताना मीही ती वाचली होती, पण ते वाचणं परीक्षेपुरतं. कवीचं नाव, साल, यमक, झालं. त्यानंतर लग्न, मूल, घर, पुन्हा शाळा. मधल्या काळात ही कविता आपल्यात कुठं पडून आहे याचा पत्ताच नव्हता.

मुलीचे वडील फौजेत आहेत. सध्या उत्तरेकडच्या सरहद्दीवर. आमच्या सातारा जिल्ह्यात यात नवल काही नाही. इथल्या कोणत्याही वर्गात 'कुणाचे वडील, काका, मामा मिलिटरीत आहेत?' असं विचारलं की हात वर होतातच. अपशिंगे नावाचं गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. तेव्हा या मुलीच्या आईला कवितेचं कडवं आवडत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार, एवढं मला कळलं.

मी तिला बसवून घेतलं आणि आधी कविता समजावून सांगितली. तुम्हालाही थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

साल १९१५. पहिलं महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने झालेले. बेल्जियममध्ये फ्लॅंडर्स म्हणून सखल, चिखलाचा मुलूख आहे. तिथल्या ईप्र या गावाजवळ भयंकर लढाई चालली होती. २२ एप्रिलला जर्मन सैन्यानं तिथं क्लोरीनचा विषारी वायू सोडला. मॅक्रे हा कॅनडाच्या तोफखान्याबरोबर आलेला डॉक्टर, वय बेचाळीस. कालव्याच्या बांधाशी असलेल्या दवाखान्यात तो रात्रंदिवस जखमींना बघत होता. २ मे रोजी त्याचा एक तरुण मित्र, लेफ्टनंट ॲलेक्सिस हेल्मर, तोफगोळ्यानं मारला गेला. धर्मगुरू तिथं हजर नव्हता, म्हणून मित्राला मूठमाती देताना प्रार्थना मॅक्रेनंच म्हटल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं ही कविता लिहिली. डिसेंबर १९१५ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात ती कवीच्या नावाशिवाय छापून आली. मॅक्रे स्वतःही परत घरी गेला नाही. जानेवारी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये न्यूमोनियानं तो वारला.

कवितेत बोलतात ती मेलेली माणसं. क्रूसांच्या रांगांमधून लाल फुलं डोलताहेत, वर पाखरं गाताहेत, पण तोफांच्या आवाजात ते गाणं ऐकू येत नाही. मेलेले सांगतात, चार दिवसांपूर्वी आम्हीही तुमच्यासारखे होतो, आमचीही कुणावर माया होती. आणि मग ते शेवटचं कडवं. त्यात ते मागे राहिलेल्यांना म्हणतात, आता लढाई तुम्ही पुढं चालवा. तुम्ही पाठ फिरवलीत तर आम्हाला झोप लागायची नाही.

"यातली ती लाल फुलं, पॉपी म्हणजे काय, बाई?" मुलीनं विचारलं. 

मी तिला कढई दाखवली. "ही त्यांची चुलत बहीण." 

आपली खसखस येते अफूच्या बोंडातून. फ्लॅंडर्समधली लाल पॉपी त्याच कुळातली, पण रानटी, शेतातलं तण. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं, दशकंच्या दशकं निजून राहतं. जमीन उकरली गेली, बियांना उजेड लागला, की एकदम उगवतं. तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी ती सारी जमीन उलटीपालटी झाली होती. म्हणून त्या वर्षी तिथं कुणी न पेरता लाल फुलांची शेतं फुलली. पडीक रान नांगरलं की आपल्याकडेही न पेरलेलं काय काय उगवतं, तसंच.

मुलगी हरखून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, आई म्हणते, मेलेलं माणूस असं मागत नाही. पप्पा गेल्यापासून आई रात्री नीट झोपत नाही. त्यात मी घरात मोठ्यानं हे कडवं म्हणत होते."

आता काय सांगायचं हिला? 'गाळ' म्हणावं तर कविता अर्धी राहते. 'म्हण' म्हणावं तर त्या माउलीच्या जिवाला रोजचा घोर. मी म्हटलं, "आधी गौरी-गणपती होऊ देत. मग ठरवू." शिक्षिकेला उत्तर सापडलं नाही की ती सुट्टीचा आधार घेते. तुमच्यात ज्या शिक्षिका असतील त्या हसतील, पण खरं आहे.

गौरी-गणपतीला आम्ही दरवर्षी सासरच्या गावी जातो. गाव डोंगराच्या कुशीत, पावसानं हिरवंगार. मारुतीच्या देवळाशेजारी जुनी चावडी आहे. तिच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. लग्न होऊन मला तेरा वर्षं झाली. दर खेपेला मी त्या पाटीवरून देवळात गेले असेन, पण ती कधी वाचली नव्हती. दरसाल चुना मारून मारून अक्षरं बुजलेली. या खेपेला मात्र ती कविता डोक्यात होती. डोक्यातलीच पीन काढली आणि अक्षरांतला चुना खरवडला. लेक बरोबर होती, तिला भारी गंमत वाटली.

पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतल्या पाच जणांनी प्राण दिले. संपलं. पाच. पुढं नाव नाही, गाव नाही. अशा पाट्या इंग्रज सरकारनं तेव्हा कितीतरी खेड्यांत बसवल्या होत्या. तुमच्याही गावात असेल. आकडे वेगळे, मजकूर तोच.

"आई, पाच कोण?" लेकीनं विचारलं.

पाचांतले एक आमच्या घरातले, एवढं मला ऐकून माहीत होतं. आमच्या घरात पितृपंधरवड्यात दोन म्हाळ असतात. एक आजेसासऱ्यांच्या तिथीला, आणि दुसरा चतुर्दशीला, 'पलटणीतल्यांचा'. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशी बघा, शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांसाठी तो दिवस राखून ठेवलेला असतो. 'पलटणीतले' म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ. पण त्यांचं नाव? मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "बाबांना विचार." सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तात्या म्हाळाला मोठ्यानं नाव घ्यायचे. काय बरं... आता ओठांवर येत नाही." तात्या म्हणजे आजेसासरे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. घरात नाव घेणारा गेला, आणि नाव त्याच्याबरोबर गेलं. गेली वीस वर्षं आम्ही चतुर्दशीला 'पलटणीतल्या आजोबांना' म्हणूनच घास ठेवत होतो.

उरल्या आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई. नव्वदीला आल्यात. दिसतं कमी, आठवतं मात्र लख्ख. रात्री गौरीपुढं बायकांचा फेर धरून झाला, सगळ्या पांगल्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आजी, पलटणीतल्यांचं नाव काय हो?"

आजींनी पदर तोंडाला लावला. "या बया! मी कशी घेऊ त्यांचं नाव? थोरले मामंजी ते माझे."

मैत्रिणींनो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं! त्या पिढीतल्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. म्हणजे त्या माणसाला ज्या बायकांनी साठ-सत्तर वर्षं मनात धरलं, त्यांच्यातल्या एकीनंही त्याचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नाही. सरकारी पाटीवर नाव नाही, आणि घरातल्या बायकांच्या तोंडीही नाही. मग टिकायचं कसं?

मग आजी आपणहून बोलू लागल्या. आपल्या थोरल्या आत्याबाईंबद्दल, म्हणजे त्या पलटणीतल्यांच्या बायकोबद्दल. नवरा पलटणीतून समुद्रापार गेला तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. मूलबाळ नव्हतं. तो बसऱ्याकडं गेला एवढंच घरी कळलं, आणि पुढं कधीतरी तो गेल्याचा कागद आला. दर महिन्याला ती दिराबरोबर पायी तालुक्याला पेन्शन आणायला जायची. कारकून विचारायचा, "बाई, नवऱ्याचं नाव?" ती मान खाली घालायची आणि नाव दीर सांगायचा. मग ती अंगठा उठवायची. असं पन्नासहून अधिक वर्षं. १९७२ च्या दुष्काळात ती गेली.

"आणि एक सांगू का?" आजी म्हणाल्या. "त्या तुळशीला कधी तुळस म्हणायच्या नाहीत. 'अंगणातलीला पाणी घाला' म्हणायच्या. देवाला माळ आणायची तर 'अंगणातलीची माळ'. मी नवी नवरी आले तेव्हा मला कळेना. मग सासूबाईंनी खुणेनं सांगितलं."

मी क्षणभर नुसती बघत राहिले. मग लख्खकन् डोक्यात उजेड पडला. तुम्हालाही कळलंच असेल. मी ते नाव इथं लिहीत नाही. मीही त्याच घरची सून आहे, आणि आजी हा अंक कुणाकडून तरी वाचून घेतातच! पण बघा, जे नाव घ्यायचं नाही म्हणून एका बाईनं जन्मभर एक शब्द टाळला, त्या टाळण्यातच ते नाव राहिलं. मातीत बी राहावं तसं.

आजींचं बोलणं अजून संपलं नव्हतं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "माझ्या हातनं एक चुकलंय. एक काशाची चकती होती घरात, बशीएवढी. त्यावर बाईचं चित्र, शेजारी सिंह, आणि कडेला उठावाची अक्षरं. थोरल्या आत्याबाई ती देव्हाऱ्यात ठेवायच्या, रोज पुसायच्या. त्या गेल्या आणि पुढल्या साली मी ती मोडीत दिली. जुन्या तांब्या-पितळेबरोबर. त्यावर स्टीलचं पातेलं घेतलं. मला वाचता कुठं येत होतं?"

ती चकती कसली हे मला नंतर कळलं. पहिल्या महायुद्धात पडलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारनं तसं एक काशाचं पदक पाठवलं होतं, सुमारे पाच इंच व्यासाचं. त्यावर मृताचं पूर्ण नाव उठावाच्या अक्षरांत असायचं, हुद्दा नसायचा. म्हणजे गावच्या पाटीवर नसलेलं नाव आमच्या देव्हाऱ्यात होतं. वाचणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मी आजींचा हात हातात घेतला. काय सांगणार? त्या काळात कुणी मोड दिली नाही? स्टीलचं भांडं घरात येणं हा केवढा सोहळा असायचा! माझ्या आईनंही आजीचा सुंदर बंब असाच देऊन टाकला होता. आजींना म्हटलं, "आजी, चकती गेली, पण 'अंगणातली' तुम्ही राखलीत ना? मग?"

परत आल्यावर मी त्या मुलीलाच हाताशी धरलं. आजकालच्या मुलींना मोबाइलवर शोधाशोध आपल्यापेक्षा दहापट चांगली जमते. युद्धात पडलेल्यांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. १९१७ साली स्थापन झालेली. तिची नावांची यादी कुणालाही फुकट पाहता येते. आम्ही दोघी शोधत बसलो आणि त्यात जे वाचलं, ते तुम्हालाही सांगायला हवं.

ज्या हेल्मरच्या मरणातून ती कविता जन्मली, त्याची कबर पुढच्या लढायांत नाहीशी झाली. पण त्याचं नाव ईप्रच्या मेनिन गेट या कमानीवर कोरलेलं आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथं आहेत. १९२८ पासून तिथं रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजवून मानवंदना दिली जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव असतानाची वर्षं काय ती सोडायची. त्या कमानीवर हिंदी सैनिकांचीही नावं आहेत. मॅक्रेनं कविता लिहिली त्याच्या आदल्याच आठवड्यात आपली लाहोर डिव्हिजन त्याच ईप्रच्या रणात उतरली होती. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथं तर खास हिंदी सैनिकांसाठी स्मारक आहे. तिथं ४,७०० हून अधिक नावं आहेत.

पण आमचे पलटणीतले बसऱ्याकडं गेले होते. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. तिथं पुण्याची सहावी डिव्हिजन लढत होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत या गावात तुर्कांनी त्यांना वेढलं, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत. उपासमार झाली, घोडे कापून खायची वेळ आली, आणि शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेतलेही हजारो पडले. बसऱ्याला या सगळ्यांचं मोठं स्मारक उभं राहिलं, ४० हजारांहून अधिक जणांचं. पण त्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं, हिंदी अंमलदारांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. अमुक पलटण, इतके शिपाई. आमच्या चावडीवरच्या पाटीसारखंच. आपल्या देशाचे सुमारे ७४ हजार लोक त्या युद्धात कामी आले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची ही गत. ही वागणूक समान नव्हती, हे त्या संस्थेनं २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. आता संस्थेच्या यादीत शिपायांची नावं पाहायला मिळतात.

आम्हाला त्या नावाचे बरेच जण सापडले. इंग्रजी स्पेलिंगही तीन-चार तऱ्हेचं. त्यांतल्या एकापुढं वडिलांचं नाव होतं, ते आमच्या घरातल्या जुन्या सातबाऱ्याशी जुळलं. गावाचं नाव असं काही लिहिलेलं की गावकऱ्यांनीही ओळखलं नसतं, पण पुढं 'सातारा' होतं. आणि तारीख होती. एप्रिल १९१६ मधली.

मुलगी एकदम म्हणाली, "बाई, सापडले!" आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. माझं ठीक आहे. पण तिचे ते कोण?

त्या दिवशी मी तिला कडव्याचं उत्तर दिलं. म्हटलं, "कडवं गाळू नकोस. मॅक्रे आदल्या दिवशी मित्राला पुरून आला होता. त्या घटकेला त्याला जे वाटलं ते त्यानं लिहिलं, त्याला आपण कशी कात्री लावणार? पण त्याच कडव्याचं पुढं लोकांनी काय केलं तेही माहीत असू दे. १९१७ साली कॅनडात सरकारी युद्धकर्जाचे रोखे खपवायला ते वापरलं गेलं, सैन्यभरतीसाठी वापरलं गेलं. आणि त्याच कवितेनं भारावलेल्या मॉयना मायकेल नावाच्या अमेरिकेतल्या एका शिक्षिकेनं नोव्हेंबर १९१८ मध्ये लाल रेशमी पॉपी विकत घेतल्या, एक आपल्या अंगावर लावली, बाकीच्या वाटल्या. पुढं अशी फुलं विकून घायाळ सैनिकांना आणि त्यांच्या बायकापोरांना मदत उभी राहिली. एकच कविता. कुणी तिच्यातून बंदूक उचलली, कुणी फूल. काय उचलायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. तू म्हण, आणि आईला हे सांग."

लढाई वाईट एवढं म्हणून मोकळं होणं आमच्या जिल्ह्याला परवडत नाही. सरहद्दीवर कुणीतरी उभं राहावंच लागतं, आणि इथल्या घराघरांतून ते उभं राहिलंय. पण 'मेलेलं माणूस असं मागत नाही' हे त्या आईचं म्हणणं मला काही केल्या मनातून काढता येईना.

स्पर्धेला ती आई आली होती. शेवटच्या रांगेत बसली होती. मुलीनं अख्खी कविता म्हटली. शेवटच्या कडव्याला ती ओरडली नाही, हातवारे केले नाहीत. आजारी माणसानं पाणी मागावं अशा आवाजात म्हटलं. बक्षीस तिसरं मिळालं. आई जाताना मला म्हणाली, "असं म्हटलं तर ऐकवतं." बस, एवढंच बोलली.

मग चतुर्दशी आली. आम्ही पुन्हा गावी गेलो. म्हाळाचा स्वयंपाक केला. वडे, भात, कढी, गवारीची भाजी, अळू, आणि तांदळाची खीर. खीर आजींच्या त्याच स्टीलच्या पातेल्यात. मी मुद्दाम ते काढलं. आजींच्या लक्षात आलं, पण बोलल्या नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, "आता तारीख सापडलीय, तर तिथी काढून पुढच्या वर्षापासून त्या दिवशी करायचं का?"

आजी म्हणाल्या, "नको रं बाबा. शंभर वर्सं याच दिवशी येतोय तो. त्याला हीच वाट ठाव झालीय. आता कुठं नवी दावतोस?"

पान वाढलं. नाव कोण घेणार? सासरे पुढं झाले, पण आजी म्हणाल्या, "पोरीला घेऊ द्या. ती लेक हाय घरची. तिला कुणाची आडकाठी?" आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं अंगणात, तुळशीपाशी उभं राहून, बापाच्या नावासकट, गावासकट, ते नाव खणखणीत मोठ्यानं घेतलं. वीस वर्षांनी आमच्या घरात ते नाव उमटलं. कावळा आला की नाही म्हणाल, तर आला. आमच्या गावचे कावळे तसे खादाडच आहेत!

तेव्हा मला त्या आईच्या बोलण्याचा अर्थ उमगला. मॅक्रेचे मेलेले मागे राहिलेल्यांकडं लढाई मागतात. आमचे पितर येतात ते जेवायला येतात. एक घास मागतात, आणि आपलं नाव. त्याहून जास्त काही मागत नाहीत. मॅक्रेच्या मित्राला नाव मिळालं, कमान मिळाली, बिगूल मिळालं. आमच्या आजोबांना एक पान मिळालं, आणि एका बाईनं जन्मभर न उच्चारलेला एक शब्द. त्यात कमी काय नि जास्त काय, हे मी नाही ठरवणार. पण ज्या आकड्यात त्यांना कोंबलं होतं, त्यातून ते बाहेर आले. पाटीवरचे अजून चार राहिलेत. सासऱ्यांनी गावात त्या घरांची चौकशी सुरू केली आहे.

जाता जाता, नेहमीप्रमाणे चार कामाच्या गोष्टी. 

घरात एक वही करा आणि त्यात तीन पिढ्यांची नावं लिहा. बायकांची माहेरची नावंही लिहा, ती सगळ्यांत आधी हरवतात. 

म्हाताऱ्या बायकांना 'नाव काय' असं सरळ विचारू नका. 'कुणाला काय म्हणत होतात, कोणता शब्द टाळत होतात' असं विचारा. 

जुनी भांडी, चकत्या, पदकं मोडीत घालण्याआधी उजेडात धरून त्यावर अक्षरं आहेत का ते बघा. 

आणि कुणी पलटणीतून परतलं नसेल, तर त्या संस्थेच्या यादीत नाव शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. वडिलांचं नाव आणि जिल्हा जुळतोय का ते पाहा.

खसखस मात्र मंद आचेवरच भाजा. त्या दिवशीची माझी, गॅस बंद केला तरी गरम कढईत राहून, थोडी करपलीच होती.